जीपीएसचा डबा नकाशावर हरला

जालन्यात आमचं गाड्यांच्या ॲक्सेसरीजचं दुकान आहे. सीट कव्हर, मॅटिंग, सेंट्रल लॉक, टेप, हॉर्न असला सगळा माल. गिऱ्हाईक काउंटरवर येऊन "जीपीएस द्या" म्हणालं की मला आधी विचारावं लागतं, "कशासाठी पाहिजे?" कारण या एका शब्दाखाली लोक तीन वेगळ्या वस्तू मागतात. कुणाला रस्ता दाखवणारी स्क्रीन हवी असते, कुणाला आपला ट्रॅक्टर कुठं उभा आहे ते घरबसल्या बघायचं असतं, आणि कुणाला शेत मोजायचं असतं.

गेल्या हंगामाच्या तोंडाला घनसावंगीकडचे एक काका असेच आले. घरचा ऊस आहे, दोन ट्रॅक्टर ऊसतोडीच्या टोळीबरोबर कर्नाटकात जातात. खिशातून पैसे काढूनच म्हणाले, "चांगल्यातला एक जीपीएस द्या, सगळं झालं पाहिजे त्याच्यात." सगळं एकात होत नाही, हे त्यांना सांगायला अर्धा तास लागला. त्या दिवशी काउंटरवर जे बोललो तेच इथं सविस्तर लिहितोय, कारण हा प्रश्न एकट्या त्यांचा नाही.

सुरुवात शेतमोजणीपासून करू, कारण जीपीएसचं मूळ गणित तेच आहे. समजा शेतात तीन हद्दीचे दगड पक्के रोवलेले आहेत आणि मधे कुठंतरी एक खुंटी आहे. पहिल्या दगडापासून खुंटीपर्यंत साखळी धरली, दुसऱ्यापासून धरली, तिसऱ्यापासून धरली. तिन्ही अंतरं वहीत लिहिली आणि खुंटी उपटून टाकली तरी चालेल. ती अंतरं हातात असली की खुंटी नेमकी कुठं होती ते कुणीही पुन्हा काढून देईल. जीपीएसमध्ये दगडांच्या जागी उपग्रह आहेत आणि खुंटी म्हणजे आपला फोन. फरक इतकाच की हे दगड जमिनीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर फिरतायत, आणि साखळी आहे रेडिओ लहरींची.

उपग्रह सतत एकच गोष्ट सांगत असतो: "मी अमुक ठिकाणी आहे आणि माझ्या घड्याळात आत्ता इतके वाजलेत." तो संदेश प्रकाशाच्या वेगानं, म्हणजे सेकंदाला तीन लाख किलोमीटर, खाली येतो. यायला सेकंदाचा पंधरावा भाग लागतो. फोन बघतो की निघाला कधी, पोचला कधी, आणि त्यावरून अंतर काढतो. वीज चमकल्यावर गडगडाट किती वेळानं आला यावरून वीज किती लांब पडली ते आपण ताडतो, तोच हिशोब. पण इथं सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक झाली तरी अंतरात ३०० मीटरचा घोळ होतो. म्हणून उपग्रहात अणुघड्याळं बसवलेली असतात. आपल्या फोनमधलं घड्याळ मात्र साधं, स्वस्तातलं. त्याची चूक पकडायला चौथ्या उपग्रहाचं माप लागतं. तीन दगड जागा सांगतात, चौथा घड्याळ दुरुस्त करतो.

यात आइन्स्टाइनही येतो, आणि मला ही गोष्ट सांगताना दरवेळी नवल वाटतं. इतक्या उंचीवर, इतक्या वेगात असलेलं घड्याळ जमिनीवरच्या घड्याळापेक्षा रोज सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढं जातं. हे सापेक्षतेच्या सिद्धांतातून निघतं. ती दुरुस्ती आधीच करून ठेवली नसती तर एका दिवसात जागा अकरा-एक किलोमीटरनं चुकली असती. म्हणजे सकाळी जालन्यात असलेली गाडी संध्याकाळी उभ्या जागी बदनापूरच्या वाटेला लागलेली दिसली असती.

आता काउंटरवरचा सगळ्यात मोठा गैरसमज. लोकांना वाटतं उपग्रह वरून आपल्याला बघतोय. तसं काही नाही. जीपीएसचा उपग्रह फक्त बोलतो, ऐकत नाही. आकाशवाणीच्या परभणी केंद्राला कुणाकुणाच्या घरात रेडिओ चालू आहे ते कळत नाही, तसंच हे. आपण कुठं आहोत ते फक्त आपल्या हातातल्या यंत्राला कळतं. ते पुढं दुसऱ्या कुणाला कळवायचं असेल तर वेगळी सोय लागते, म्हणजे सिम कार्ड आणि इंटरनेट. हा मुद्दा लक्षात ठेवा, ट्रॅक्टरच्या वेळी लागणार आहे.

ही सगळी यंत्रणा मुळात अमेरिकी लष्कराची. पहिला उपग्रह १९७८ मध्ये गेला. १९८३ च्या सप्टेंबरमध्ये कोरियाचं एक प्रवासी विमान वाट चुकून सोव्हिएत हद्दीत गेलं आणि पाडलं गेलं, २६९ माणसं गेली. त्यानंतर अध्यक्ष रेगन यांनी ही यंत्रणा नागरी वापरासाठीही मोकळी राहील असं जाहीर केलं. १९९५ मध्ये ती पूर्ण क्षमतेनं चालू झाली, पण सामान्यांसाठीच्या संदेशात मुद्दाम चूक मिसळलेली असायची. जागा शंभर मीटरपर्यंत हलायची. शंभर मीटर म्हणजे फाट्यावर कुठल्या रस्त्याला लागायचं तेच कळणार नाही. २ मे २००० पासून ही मिसळलेली चूक बंद झाली आणि रातोरात जगभरची यंत्रं दहा-वीस मीटरपर्यंत नेमकी झाली. गाडीत रस्ता दाखवणाऱ्या डब्याचा धंदा खऱ्या अर्थानं तिथून उभा राहिला.

तो डबा आम्हीही विकला. २००९-१० च्या सुमारास पहिला माल दुकानात आला तेव्हा किंमत दहा-पंधरा हजारांच्या घरात होती. हाताच्या पंजाएवढी स्क्रीन, मागं रबरी कप, तो ओला करून पुढच्या काचेला चिकटवायचा. मे महिन्यातल्या आमच्या उन्हात तो कप तासाभरात सुटायचा आणि डबा डॅशबोर्डवर आपटायचा. गिऱ्हाइकाला चालवून दाखवायचा म्हटलं तर दुकानात काही दिसायचं नाही. मी डबा हातात घेऊन रस्त्याच्या मध्यापर्यंत जायचो, डोक्यावर मोकळं आभाळ येईल असा, आणि उभा राहायचो. स्क्रीनवर उपग्रहांच्या कांड्या एकेक करून भरायच्या. कधी एक मिनिट, कधी पाच. बराच काळ बंद असलेला डबा असला तर त्याहून जास्त. मागून रिक्षावाले हॉर्न द्यायचे.

इतका वेळ का लागायचा, याचं उत्तर पुढच्या गोष्टीसाठी महत्त्वाचं आहे. उपग्रह आपला पत्ता आणि वेळापत्रक सांगतो तो सेकंदाला फक्त ५० बिट इतक्या संथ गतीनं. एका उपग्रहाचा नेमका पत्ता पूर्ण ऐकायला अर्धा मिनिट जातो. सगळ्या उपग्रहांचं ढोबळ वेळापत्रक ऐकायचं तर साडेबारा मिनिटं. मधे पूल आला, झाड आलं, की पुन्हा पहिल्यापासून. फोन काय करतो? तो आकाशाकडं कान लावून बसत नाही. हीच माहिती तो मोबाइल टॉवरवरून इंटरनेटनं क्षणात मागवून घेतो आणि उपग्रहाकडून फक्त वेळेची खूण पकडतो. म्हणून फोन उघडला की निळा ठिपका जवळपास लगेच येतो. उपग्रह तेच, लहरी त्याच. फोनच्या हाताशी नेट होतं, डब्याच्या नव्हतं.

तरीही डबा वेगाच्या मुद्द्यावर हरला नाही. तो हरला नकाशावर.

डब्यातला नकाशा त्याच्या पोटात, कार्डावर भरलेला असायचा. विकत घेतला त्या दिवशी तो आधीच सहा-आठ महिने जुना. नवा बायपास झाला, पूल झाला, एकेरी वाहतूक झाली, तरी डब्याला पत्ता नाही. सुधारलेला नकाशा भरायचा तर पुन्हा पैसे मोजायचे, आणि ते कुणी मोजायचं नाही. या धंद्यातला खरा पैसा यंत्रात नसून नकाशात आहे, हे मोठ्या कंपन्यांना चांगलं कळलेलं होतं. २००८ मध्ये असे डबे बनवणाऱ्या हॉलंडच्या टॉमटॉमनं टेली अॅटलस ही नकाशे बनवणारी कंपनी सुमारे २.९ अब्ज युरोला घेतली. त्याच वर्षी नोकियानं नॅव्हटेक ही दुसरी मोठी नकाशा कंपनी सुमारे ८.१ अब्ज डॉलरला घेतली. ज्याच्या हातात नकाशा त्याच्या हातात धंदा, असा तो डाव होता.

मग २८ ऑक्टोबर २००९ उजाडला. गूगलनं जाहीर केलं की अँड्रॉइड फोनवर वळणावळणाला बोलून रस्ता सांगणारं नेव्हिगेशन फुकट मिळेल. सुरुवात फक्त अमेरिकेत होती. पण त्या एका दिवसात डबे बनवणाऱ्या गार्मिन कंपनीचा शेअर सुमारे सोळा टक्क्यांनी पडला, टॉमटॉमचा त्याहूनही जास्त. पुढच्या जानेवारीत नोकियानंही आपल्या फोनवरचं नेव्हिगेशन फुकट करून टाकलं. ज्या नकाशासाठी अब्जावधी मोजले, त्याला गिऱ्हाइकाकडून पैसे मागायची सोयच उरली नाही. २०१५ मध्ये नोकियानं तोच नकाशाचा धंदा जर्मनीच्या तीन मोटार कंपन्यांना सुमारे २.८ अब्ज युरोला विकला.

फुकट परवडतं कसं, असं काकांनीही विचारलं. गूगलला नकाशा विकायचा नव्हताच. तुम्ही नकाशात हॉटेल शोधता, पेट्रोल पंप शोधता, टायरचं दुकान शोधता. कमाई त्या शोधाच्या आजूबाजूला, जाहिरातीतून होते. हा नकाशा आपल्या ॲपमध्ये वापरणाऱ्या इतर कंपन्यांकडूनही पैसे येतात. आणि तुमचा फोन रस्त्यानं जाताना जी माहिती मागं सोडतो, ती नकाशाला ताजा ठेवते.

ही शेवटची गोष्ट नीट बघण्यासारखी आहे. रस्ता लाल दिसतो, पिवळा दिसतो, तो कुणी चौकात बसून रंगवत नाही. त्या रस्त्यावरच्या फोनांचे वेग गोळा होतात. सगळे फोन रांगायला लागले की रस्ता लाल. २०२० मध्ये बर्लिनमधल्या सिमोन वेकर्ट या कलावंतानं ९९ जुने फोन एका हातगाडीत भरले आणि रिकाम्या रस्त्यावरून चालत ती गाडी ओढली. नकाशावर तो रस्ता लाल झाला. यंत्राला गाडी दिसत नाही, फोन दिसतात. आमच्याकडं याचा उलटा परिणाम होतो. एखाद्या आडरस्त्यावर दिवसातून चार जीप आणि दहा मोटारसायकली जात असतील, तर तिथं काय चाललंय हे नकाशाला कळायला फोनच पुरत नाहीत. पावसानं फरशी पूल पाण्याखाली गेला असला तरी स्क्रीनवर रस्ता निवांत दिसतो.

भारतात ही लाट थोडी उशिरा आली. बोलून रस्ता सांगणारं नेव्हिगेशन इथं २०१२ मध्ये सुरू झालं, पण तेव्हा नेटचा रिचार्ज एमबीवर मोजला जायचा आणि नकाशा उघडला की पैसे गेले असं लोकांना वाटायचं. २०१६ च्या सप्टेंबरमध्ये जिओ आलं, डेटा स्वस्त झाला, आणि माझ्या काउंटरवरची डब्याची विचारपूस जवळजवळ थांबली. पुढच्याच वर्षी डिसेंबरमध्ये मोटारसायकलसाठी वेगळा मार्ग दाखवायची सोय गूगलनं जगात पहिल्यांदा भारतात आणली. आज नव्या गाडीत स्क्रीन असतेच आणि जुन्या गाडीत आम्ही अँड्रॉइड टेप बसवून देतो. स्क्रीन गाडीची, नकाशा फोनचा. खरं सांगायचं तर मराठवाड्यात डब्याचा मोठा स्पर्धक फोन येण्याआधीही होताच, तो म्हणजे फाट्यावरची पानटपरी. "नीट जा, पुढं मारुतीचं मंदिर लागंल, तिथून डाव्या हाताला वळा" असं सांगणारा माणूस फुकट होता, ताजा होता, आणि कुठला पूल वाहून गेला हेही त्याला ठाऊक होतं. युरोप-अमेरिकेत डबा जसा घराघरात गेला तसा आमच्याकडं कधीच गेला नाही, त्याचं मोठं कारण ही टपरी.

नकाशा आणि गाव यांचं नातं किती नाजूक आहे, हे मला एका लग्नात कळलं. २०११ चा मे महिना. लग्न कुंभार पिंपळगावला, म्हणजे घनसावंगी तालुक्यात, जालन्याच्या दक्षिणेला. आमचे काही पाहुणे पुण्याहून भाड्याच्या गाडीनं आले होते, गाडीत डबा बसवलेला. कुणीतरी त्यात नुसतं पिंपळगाव टाकलं. यादीत दोन पिंपळगाव आली, दोन्हींच्या पुढं जिल्हा जालना. मागचं-पुढचं काही नाही. ड्रायव्हरनं वरचं दाबलं. ते होतं पिंपळगाव रेणुकाई, भोकरदन तालुक्यातलं, थेट उत्तरेला. साडेअकराला मला मांडवात फोन आला. गाडीतले आजोबा डुलकीतून जागे झाले होते आणि विचारत होते, "अरे, ह्यो राजूरचा गणपती कसा काय लागला?" मी म्हणालो, "आजोबा, गाडी आहे तिथून माघारी फिरवा." अक्षता पडून पंगती उठायला लागल्या तेव्हा ते पोचले. आजोबा नवरीच्या आईचे मामा, मुहूर्ताला त्यांचंच काम होतं. त्या माउलीचा चेहरा मला आजही आठवतो.

ही चूक उपग्रहाची नव्हती. उपग्रहानं गाडीची जागा बिनचूक सांगितली. चुकला तो नकाशातला शब्द. आमच्याकडं पिंपळगाव, वडगाव, टाकळी, बोरगाव ही नावं ढिगानं आहेत, आणि लोक ती जोडनावानं ओळखतात: कुंभार पिंपळगाव, पिंपळगाव रेणुकाई. नाहीतर खुर्द-बुद्रुक लावतात. खुर्द म्हणजे धाकटं, बुद्रुक म्हणजे थोरलं. हे जोडनाव गळालं की गावाची ओळखच गळते. त्यात नावं बदलतात. अंबाजोगाईचं मोमिनाबाद म्हातारी माणसं अजून बोलतात. २०२३ मध्ये औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं, उस्मानाबादचं धाराशिव. डब्याच्या कार्डावर जुनं नाव असेल तर ते मरेपर्यंत जुनंच राहतं. फोनमधला नकाशा बदलतो, पण पाट्या, बिलं, लोकांची तोंडं आणि नकाशा एका दिवशी बदलत नाहीत. मधल्या काळात दोन्ही नावं टाकून बघावी लागतात.

नावाइतकाच दुसरा घोळ वाहनाचा. सोलापूर-धुळे महामार्गावर कन्नड आणि चाळीसगावच्या मधे कन्नडचा घाट आहे, जुने लोक औट्रम घाट म्हणतात. ऑगस्ट २०२१ च्या अखेरीला तिथं दरडी कोसळल्या आणि रस्ता बंद झाला. अशा वेळी फोनचा नकाशा काही तासांत शहाणा होतो, कार्डावरचा डबा वर्षभर होत नाही. पण २०२३ मध्ये याच घाटात अवजड वाहनांना बंदी झाली, तेव्हा गोष्ट वेगळी. रस्ता चालू आहे, कार जातायत, म्हणून नकाशा रस्ता मोकळा दाखवतो. आपण ट्रक चालवतोय हे फोनला माहीतच नाही. त्याच्याकडं कार आहे, दुचाकी आहे, बस-रेल्वे आहे, पायी आहे. बारा चाकी ट्रक नाही. गाडीची उंची, लांबी, वजन भरून घेऊन त्याप्रमाणे मार्ग काढणारे खास ट्रकचे डबे परदेशात आजही विकले जातात आणि चालकांना ते लागतात. आमच्याकडचे ट्रकवाले ढाब्यावर विचारतात, आणि ते बरोबर करतात.

फोनवर आंधळा भरवसा जिवावर बेततो, हेही सांगायलाच हवं. नोव्हेंबर २०२४ मध्ये उत्तर प्रदेशात बरेलीजवळ रामगंगा नदीवरच्या अर्धवट पुलावरून कार खाली गेली आणि तीन जण मेले. ते नेव्हिगेशनवर चालले होते असं तेव्हा बातम्यांत आलं. पुलाचा काही भाग पुरात वाहून गेलेला होता आणि अडवायला धड काही नव्हतं. दोष एकट्या नकाशाचा नाही. रस्ता बंद आहे हे रस्त्यावर लिहायची जबाबदारी माणसांची असते. पण रात्री, अनोळखी भागात, स्क्रीनवरची निळी रेघ डोळ्यांपेक्षा खरी वाटायला लागते. मी गिऱ्हाइकाला टेप बसवून देताना हे प्रत्येक वेळी बोलतो. त्याच वेळी प्रवासाच्या भागाचा नकाशा आधी फोनमध्ये उतरवून घ्यायलाही सांगतो. बालाघाटच्या डोंगरात, पाटोदा-आष्टीकडं, रेंज कधी जाईल सांगता येत नाही. ठिपका रेंजशिवायही चालतो, कारण तो उपग्रहाचा आहे. नकाशा रेंजशिवाय कोरा पडतो.

मग डबा संपला का? रस्ता दाखवणारा डबा संपत आला. पण त्याच्या पोटातलं जीपीएस वेगळ्या कामांना लागलं. गार्मिनचंच बघा. गॅरी बरेल आणि मिन काओ या दोघांनी १९८९ मध्ये काढलेली कंपनी. दोघांच्या नावांचे तुकडे जोडून गार्मिन. २००८ मध्ये तिची सुमारे साडेतीन अब्ज डॉलरची विक्री होती आणि त्यातला सत्तर टक्क्यांहून जास्त वाटा गाडीच्या डब्यांचा. हा वाटा वितळणार हे दिसल्यावर तिनं धावणाऱ्यांची घड्याळं, डोंगर चढणाऱ्यांची यंत्रं, विमानं आणि बोटींची उपकरणं यांत जोर लावला. २०२४ मध्ये विक्री सहा अब्ज डॉलरच्या वर गेली. टॉमटॉमनं दुसरी वाट धरली, ती आता मुख्यतः मोटार कंपन्यांना आणि इतरांना नकाशे आणि रहदारीची माहिती पुरवते.

आमच्या काउंटरवर डब्याची जागा ट्रॅकरनं घेतली. १ जानेवारी २०१९ पासून नव्यानं नोंदणी होणाऱ्या टॅक्सी, बस अशा प्रवासी वाहनांना जागा कळवणारं यंत्र आणि धोक्याचं बटण सक्तीचं झालं. रिक्षाला सूट आहे. ट्रॅकरला स्क्रीन नसते, तो कुणाला रस्ता सांगत नाही. तो उपग्रहांवरून स्वतःची जागा काढतो आणि आतल्या सिमवरून सर्व्हरला कळवतो, तिथून ती मालकाच्या फोनवर दिसते. मघाशी लक्षात ठेवायला सांगितलेला मुद्दा हाच. सिमचा रिचार्ज संपला की उपग्रह डोक्यावर असूनही ट्रॅक्टर गायब. गिऱ्हाईक तक्रार घेऊन येतं, "जीपीएस बंद पडलं," आणि दहातल्या निम्म्या वेळा रिचार्ज संपलेला असतो.

राहिली शेतमोजणी, आणि इथं फोन कुणी वापरू नये. फोनची जागा मोकळ्या आभाळाखाली साधारण पाच मीटरपर्यंत इकडंतिकडं होते. रस्त्यावर ते खपून जातं, कारण ॲप ठिपक्याला ओढून जवळच्या रस्त्यावर बसवतं; गाडी शेतातून चाललेली नाही हे त्याला माहीत असतं. बांधावर असं ओढून बसवायला काही नाही. शंभर मीटर लांबीचा बांध धरा. तो पाच मीटर सरकला तर ५०० चौरस मीटर जमीन इकडची तिकडं झाली. ३३ बाय ३३ फुटांचा एक गुंठा म्हणजे सुमारे १०१ चौरस मीटर. म्हणजे जवळपास पाच गुंठे. पाच गुंठ्यांवरून भावाभावांनी कोर्टाच्या पायऱ्या झिजवलेल्या आपण बघितल्यात.

भूमी अभिलेखवाले मोजणीला जे रोव्हर नावाचं यंत्र आणतात, तेही उपग्रहच ऐकतं. पण पक्क्या, ठाऊक असलेल्या जागी कायम बसवलेली केंद्रं असतात. त्यांना स्वतःची जागा माहीत असल्यामुळं आत्ता उपग्रहांच्या मापात किती चूक येतेय ते ती काढतात, आणि तीच चूक रोव्हर आपल्या मापातून वजा करतो. अशानं नेमकेपणा दोन-चार सेंटिमीटरपर्यंत येतो. हे काम फुकटच्या ॲपनं हिरावलेलं नाही. उलट ई-पीक पाहणी बघा. १५ ऑगस्ट २०२१ पासून शेतकरी आपल्याच फोननं शेतात उभा राहून पिकाचा फोटो काढतो आणि फोटोबरोबर जागाही जाते. तिथं पाच मीटरनं बिघडत नाही, कारण प्रश्न एवढाच असतो की माणूस त्या गटात उभा आहे की घरी बसलाय.

आपल्या देशाचीही यंत्रणा आहे, नाविक. सात उपग्रहांची आखणी, सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर, भारत आणि भोवतालचे १,५०० किलोमीटर एवढ्यापुरती. तिच्या सुरुवातीच्या उपग्रहांतली परदेशी अणुघड्याळं बिघडली, तो मोठा फटका होता. मे २०२३ मध्ये गेलेल्या एनव्हीएस-०१ मध्ये देशात बनवलेलं अणुघड्याळ आहे, आणि ती मला अभिमानाची गोष्ट वाटते. जानेवारी २०२५ चा एनव्हीएस-०२ मात्र ठरलेल्या कक्षेत पोचू शकला नाही. आजचे फोन अमेरिका, रशिया, युरोप, चीन यांचे उपग्रह एकत्रच ऐकतात, आणि बऱ्याच नव्या फोनांत नाविकही आहे. जितके दगड जास्त, तितकी खुंटी पक्की.

काकांना मी शेवटी एकच वस्तू दिली, दोन ट्रॅक्टरसाठी दोन ट्रॅकर. रस्त्यासाठी पोराचा फोन पुरेसा आहे, आणि मोजणीसाठी तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात अर्ज करा, असं सांगितलं. पैसे मोजून झाल्यावर ते घुटमळले. म्हणाले, "आमची वस्ती दिसती का त्याच्यात?" त्यांची वस्ती गावापासून दोन किलोमीटर आत, पाणंद रस्त्यावर. सात-आठ घरं. नातीला बाळंतपणाला न्यायला आलेली ॲम्ब्युलन्स गावात फिरत राहिली होती, हे त्यांनी तेव्हा सांगितलं.

फोनवर वरून काढलेला फोटो उघडला. काकांनी चष्मा लावला आणि बोटानं कॅनॉल धरून हळूहळू सरकत गेले. आधी विहीर सापडली, गोल, काळी. मग बांधावरची दोन लिंबं. मग पत्रे चमकताना दिसले. "हितं," म्हणाले. मी तिथं खूण ठोकली, नाव विचारलं. ते म्हणाले, "माळवस्ती म्हणतात. पण नुसतं माळवस्ती नका लिहू, गावाचं नाव फुडं लावा." तसं लिहून पाठवलं. पाणंद रस्त्याची रेघ वेगळी काढून पाठवली. स्क्रीनवर आलं, तपासणी चालू आहे. काका अजून चार-आठ दिवसांनी फोन करून विचारतात, आली का वस्ती नकाशावर.